सॅमसंग, आयफोन, वनप्लस, आयपॅड, टॅब: सगळ्यांना मिळून कोणता फास्ट चार्जर घ्यावा?

अनेर_चोपडा (प्रश्न)

राम राम मंडळी. घरात रोज चार्जिंगला लागणाऱ्या वस्तू अशा: सॅमसंग गॅलेक्सी ए-सिरीजचा फोन (२५ वॅटवाला, ५००० एमएएच), आयफोन १३, वनप्लस नॉर्ड (८० वॅट, सोबतचा चार्जर ठीक आहे, केबल पिनजवळ तुटली), रेडमीचा जुना १८ वॅटचा फोन, आयपॅड दहाव्या पिढीचा, आणि मुलांच्या अभ्यासाचा गॅलेक्सी टॅब ए९ प्लस.

सध्या एक ६५ वॅटचा चार्जर आहे. त्यावर सॅमसंग लावला की स्क्रीनवर नुसतं 'फास्ट चार्जिंग' येतं, 'सुपर फास्ट' काही येत नाही. वनप्लस तर त्यावर फारच रेंगाळतो. ६५ वॅटच्या चार्जरला २५ वॅटचा फोन का झेपत नाही?

सगळ्यांसाठी मिळून एकच चार्जर घेता येईल का? १०० वॅटचा घेतला तर लहान फोनची बॅटरी खराब होते का? आणि मळ्यातल्या घरी संध्याकाळी व्होल्टेज १६० पर्यंत उतरतं, वर पत्रा आहे, म्हणजे मे महिन्यात आत भट्टी. तिथे काय काळजी घ्यावी? बजेट दोन-अडीच हजार.

---

गिरणाकाठ

भाऊ, तुमच्या ६५ वॅटच्या चार्जरमध्ये पीपीएस (फोन मागेल तसं व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी बदलून देण्याची सोय) नाही, म्हणून सॅमसंग 'सुपर फास्ट' दाखवत नाही. चार्जर उलटा करून बारीक अक्षरातली आउटपुटची ओळ वाचा. त्यात ५, ९, १५, २० व्होल्ट एवढंच असेल आणि 'पीपीएस ३.३–११ व्होल्ट' असं काही नसेल, तर विषय तिथेच संपला.

आतला प्रकार असा आहे. साध्या यूएसबी पीडीमध्ये (टाइप-सी वरची सर्वसाधारण फास्ट चार्जिंग पद्धत) चार्जर ठरावीक व्होल्टेज देतो: ५, ९, १५, २०. फोनने ९ मागितले की ९ मिळतात. पण बॅटरी त्या वेळी समजा ३.९ व्होल्टवर आहे. म्हणजे ९ चे ४ करायचं काम फोनच्या आतल्या सर्किटला करावं लागतं, आणि त्यात होणारी उष्णता फोनमध्येच साठते. पीपीएस असला की फोन चार्जरला दर थोड्या वेळाने सांगत राहतो, 'आता ८.१ दे, आता ८.१४ दे.' व्होल्टेज २० मिलिव्होल्टच्या आणि करंट ५० मिलिअँपिअरच्या पायऱ्यांनी हलतो. बॅटरीच्या साधारण दुप्पट व्होल्टेज आलं की फोनमधला चार्ज पंप ते निम्मं करून थेट बॅटरीला देतो आणि फोन फार तापत नाही. सॅमसंगने २५ वॅटचं सुपर फास्ट याच पद्धतीवर बसवलं आहे. पीपीएस दिसला नाही तर फोन गुपचूप खालच्या वेगावर जातो.

बॅटरी खराब होण्याची भीती काढून टाका. किती घ्यायचं ते फोन ठरवतो, चार्जर फक्त 'माझ्याकडे एवढं आहे' असं सांगतो. १०० वॅटच्या चार्जरवर आयफोन १३ लावला तरी तो त्याच्या मर्यादेतच, साधारण २० वॅटच्या आसपास खेचणार. बॅटरीचं आयुष्य खातो तो ताप, आणि १०० टक्क्यांवर तासन् तास लावून ठेवणं. फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर रात्रीच्या चार्जिंगला ती चालू ठेवा.

आता तुमच्या वस्तू.

सॅमसंग फोनला पीडी आणि पीपीएस, ३.३–११ व्होल्ट, किमान २५ वॅट. टॅब ए९ प्लस मुळात १५ वॅटच्या वर घेतच नाही. ७०४० एमएएच म्हणजे सुमारे २७ वॅट-तास, १५ वॅटने अडीच तास धरून चाला. त्याच्यासाठी मोठा चार्जर घेणं म्हणजे पैसे वाया.

आयफोन १३ ला साधा पीडी पुरतो, पीपीएस लागत नाही. २० वॅटचा चार्जर आणि टाइप-सी ते लायटनिंग केबल असेल तर अर्ध्या तासात साधारण ५० टक्के होतो. जुनी चौकोनी यूएसबी-ए ते लायटनिंग केबल लावली तर मात्र १२ वॅटच्या पुढे जाणार नाही, चार्जर कितीही भारी आणा. आयपॅड दहाव्या पिढीची बॅटरी २८.६ वॅट-तासांची, बॉक्समध्ये येतो तो २० वॅटचा चार्जर. त्यालाही पीडीच.

रेडमी १८ वॅट म्हणजे बहुतेक क्विक चार्ज ३.०, म्हणजे पीडीहून वेगळी, क्वालकॉमची फास्ट चार्जिंग पद्धत. चार्जरला यूएसबी-ए पोर्ट असेल आणि त्यावर '९ व्होल्ट २ अँपिअर' लिहिलं असेल तर पूर्ण वेग मिळेल.

वनप्लसची गोष्ट पूर्ण वेगळी. सुपरवूक हा ओप्पो-वनप्लस-रियलमीचा स्वतःचा प्रोटोकॉल. ८० वॅटच्या चार्जरवर '११ व्होल्ट ७.३ अँपिअर' लिहिलेलं असतं. एवढा करंट पीडीचा कुठलाच चार्जर देत नाही, पीडीची कमाल ५ अँपिअर. पीडीवर तो फोन चार्ज होतो, पण किती वेगाने ते मॉडेलप्रमाणे बदलतं, आणि ८० च्या आसपासही पोचत नाही. म्हणून त्याचा मूळ चार्जर टाकू नका, फक्त केबल बदला. उलट दिशेनेही तेच: सुपरवूकच्या चार्जरवर आयफोन लावाल तर बहुधा ५ व्होल्ट २ अँपिअर, म्हणजे १० वॅटवर अडकेल.

तर वनप्लस सोडून बाकी पाचांना एक चार्जर पुरेल: ६५ वॅट, दोन टाइप-सी आणि एक ए पोर्ट, पीपीएससकट. गॅन लिहिलेला मिळाला तर बरा. त्यात गॅलियम नायट्राइडचे स्विच असतात, ते जास्त वेगाने चालू-बंद होतात, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहान होतो आणि वाया जाणारी उष्णता कमी.

---

वाघूर

गिरणाभाऊंनी चार्जरचं सगळं सांगितलं, मी केबलबद्दल लिहिते, कारण निम्म्या तक्रारी केबलच्याच असतात.

वनप्लसची केबल कुठलीही 'फास्ट चार्जिंग' लिहिलेली घेऊ नका. करंट मोठा असल्यामुळे तारेचा रोध फार महत्त्वाचा ठरतो. समजा, केबलचा जाता-येता मिळून रोध ०.१ ओहम आहे. ७.३ अँपिअरला त्या केबलमध्ये ५.३ वॅट जळतात, हाताला केबल गरम लागते. त्याच केबलमधून सॅमसंग ९ व्होल्ट २.७७ अँपिअर घेतो तेव्हा जळतात पाऊण वॅट. त्यामुळे सुपरवूकला त्याच कंपनीची किंवा पाकिटावर स्पष्ट '८० वॅट सुपरवूक' लिहिलेली केबल लागते. दुसरी लावली तर फोन ओळख पटत नाही म्हणून साध्या वेगावर येतो.

बाकीच्यांना टाइप-सी ते टाइप-सी, ३ अँपिअरची, ६० वॅट लिहिलेली साधी केबल पुरे. ५ अँपिअरच्या केबलमध्ये ई-मार्कर नावाची चिप असते. लॅपटॉपसाठी किंवा सॅमसंगच्या ४५ वॅटवाल्या फोनसाठी ती घ्यावी. तुमच्याकडे तशी एकही वस्तू नाही.

केबलवरची छपाई वाचायची सवय लावा. वेष्टनावर '२८एडब्ल्यूजी/१पी + २४एडब्ल्यूजी/२सी' असं काही छापलेलं असतं. एडब्ल्यूजी म्हणजे गेज, तारेच्या जाडीचं माप. दुसरा आकडा वीज नेणाऱ्या दोन तारांचा. आकडा लहान तितकी तार जाड. २८ गेजची २ मीटर केबल घेतली तर जाऊन-येऊन ४ मीटर तांबं, रोध ०.८५ ओहम. ५ व्होल्टवर २ अँपिअर खेचायला गेलं तर १.७ व्होल्ट वाटेतच गायब, फोनपर्यंत ३.३ उरतात आणि फोन आपोआप करंट कमी करतो. २४ गेज असेल तर हीच घट ०.७ व्होल्टच्या आत. पलंगापर्यंत पोचावी म्हणून घेतलेली लांब, बारीक केबल हळू चार्ज करते त्याचं कारण हे. जमलं तर १ मीटरचीच घ्या आणि बोर्ड जवळ आणा.

ए ते सी केबल अगदी स्वस्तातली टाळा. तिच्या सी टोकात ५६ किलोओहमचा रेझिस्टर असायला हवा. काहींमध्ये १० किलोओहमचा घालतात, त्यामुळे फोनला वाटतं समोरून ३ अँपिअर मिळतील, आणि तो जुन्या १ अँपिअरच्या चार्जरकडून तेवढे ओढायला लागतो. चार्जर तापून जातो. बाहेरून बघून हे कळत नाही, म्हणून ओळखीच्या कंपनीची घ्या.

जाता जाता एक: सी पोर्टवाला स्वस्त ट्रिमर किंवा टॉर्च सी-सी केबलने चार्ज होत नसेल तर चार्जर बिघडला असं समजू नका. त्या वस्तूच्या पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे रेझिस्टर घातलेले नसतात, त्यामुळे चार्जरला समोर कोणी आहे हेच कळत नाही. ए ते सी केबलने त्या चालतात. म्हणूनही चार्जरला एक ए पोर्ट असलेला बरा.

---

अनेर_चोपडा

वाघूरताई, केबलवरचं वाचून बघितलं, सॅमसंगला वापरतो ती २८ गेजची निघाली, लांबी २ मीटर. बदलतो. व्होल्टेजचं आणि उन्हाळ्याचं कोणी सांगेल का?

---

पांझरा_धुळे

एक गोट ध्यानमा ठेवा भाऊ: चार्जरला कमी व्होल्टेजची भीती नसते, जास्तीची असते.

चार्जरवर इनपुट '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' लिहिलेलं असतं. १६० व्होल्टवर तो आरामात पूर्ण आउटपुट देतो. फक्त मेन लाइनमधून करंट थोडा जास्त घेतो, त्यामुळे थोडा जास्त कोमट लागतो, एवढंच. फक्त '२२० व्होल्ट' लिहिलेले हलके, बिनानावाचे चार्जर मात्र अशा वेळी फडफडतात; फोनवर चार्जिंगचं चिन्ह येतं-जातं.

खरा धोका डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) किंवा पोलवर न्यूट्रल सैल झाला की होतो. थ्री फेजमध्ये न्यूट्रल तुटला की एका फेजवरच्या घरांत उजेड मंद होतो आणि दुसऱ्या फेजवर व्होल्टेज ३०० च्या पुढे, पार ४०० च्या दिशेने जातं. चार्जरच्या आत आलेली एसी आधी डीसी होते आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. २४० व्होल्टला तो कपॅसिटर ३४० व्होल्टवर भरतो, आणि तो साधारण ४०० व्होल्टचा असतो. बाहेर ३०० झाले की आत ४२४. कपॅसिटर फुगतो, फुटतो, फ्यूज जातो. ट्यूब एकदम पांढरीफटक झाली, पंखा सुसाट सुटला, शेजारी मात्र बल्ब मंद झाला, असं दिसलं की मेन स्विच आधी पाडा, मग फोन करा.

स्पाइक गार्डचा इथे उपयोग नाही. त्यातला एमओव्ही नावाचा भाग क्षणभराचा झटका, म्हणजे विजेचा किंवा मोटर बंद झाल्याचा, गिळतो. सतत ३०० व्होल्ट राहिले तर तो स्वतःच जळतो. मळ्यातल्या घरी २६०–२७० च्या वर लाइन तोडणारा आणि व्होल्टेज नीट झाल्यावर थोडं थांबून जोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर घ्या. प्लगमध्ये बसणारे मिळतात, नाहीतर वायरमनकडून बोर्डातच बसवून घ्या. पंपाच्या स्टार्टरच्या लाइनवरून चार्जिंगचा बोर्ड काढू नका.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर चार्जरमधून किर्र आवाज येतो. चांगला चार्जर त्यावरही चालतो, पण आवाजाबरोबर हात ठेववत नाही इतका तापला तर लाइट येईपर्यंत काढून ठेवा.

आता ऊन. लिथियम बॅटरीला साधारण ४५ अंशांच्या पुढे चार्जिंग नको असतं, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात बाहेरचीच हवा ४५ ला टेकते. आयफोनसाठी अ‍ॅपलने आजूबाजूचं तापमान ० ते ३५ अंश सांगितलंय. पत्र्याखाली दुपारी ३ वाजता कुठलाही फोन वेग कमी करणारच, चार्जर कितीही वॅटचा असो. तेव्हा फोनचं कव्हर काढा. गादीवर, उशीवर ठेवू नका, फरशीवर किंवा ओट्यावर ठेवा. हॉटस्पॉट आणि व्हिडिओ बंद करा. पहाटे ५ ते ७ मध्ये चार्जिंग उरकलं तर सगळ्यात उत्तम. गावात धाब्याचं घर असेल तर टॅब तिथेच लावा, आत बराच गारवा असतो. वनप्लसचं ८० वॅट दुपारी चालवू नका, दहा मिनिटांत तो तापून स्वतःच खाली उतरेल.

अ‍ॅल्युमिनियमच्या पाठीचा आयपॅड चार्जिंगला असताना हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं होतं, ते अनेकांना घाबरवतं. चार्जरमधल्या वाय कपॅसिटर नावाच्या भागातून येणारी ती अगदी बारीक गळती आहे. दोन पिनच्या चार्जरला अर्थिंग जोडलेलंच नसतं, त्यामुळे घराचं अर्थिंग चांगलं असूनही ती जाणवते. मुंग्यांऐवजी ठसठशीत झटका बसला तर तो चार्जर ताबडतोब बाद करा.

---

तापीवरचा

गिरणाभाऊंच्या एका सल्ल्याशी मी सहमत नाही. सगळं एकाच ६५ वॅटवर टाकलं तर तो गेला की पाचही वस्तू अडकतात, आणि दोन वस्तू एकदम लावल्या की वॅट वाटले जातात. त्यापेक्षा एक २५ वॅट पीपीएसचा आणि एक २० वॅट पीडीचा असे दोन घ्या. घरात दोन ठिकाणी लागतील, एक मळ्यात नेता येईल.

काहीही घेतलं तरी बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, बघाच. चिन्हाखाली 'आर' आणि पुढे ८ आकडे असतात. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये 'व्हेरिफाय आर नंबर' आहे. तिथे नंबर टाकला की उत्पादकाचं नाव आणि ती कुठली वस्तू आहे ते दिसतं. ते नाव चार्जरवर छापलेल्या उत्पादकाच्या नावाशी जुळलं पाहिजे. नंबर खरा, पण निघाला एलईडी बल्बवाल्याचा, असं असेल तर दुकानदाराच्या हातात परत द्या. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घ्या नाहीतर ऑनलाइन, बिल घ्या. वॉरंटीला तेच लागतं.

---

अनेर_चोपडा

तापीदादा, दोन चार्जरचा विचार पटतोय, पण चोपड्यातल्या घरी एकच बोर्ड सोयीचा आहे. एक ६५ वॅट गॅनचा बघून ठेवलाय. आर-नंबर जुळतो. मागे असं लिहिलंय, जसंच्या तसं उतरवतो:

सी१: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३, १२ व्होल्ट ३, १५ व्होल्ट ३, २० व्होल्ट ३.२५. पीपीएस ३.३–११ व्होल्ट ३ अँपिअर.
सी२: ५ व्होल्ट ३, ९ व्होल्ट २.२२, १२ व्होल्ट १.६७.
ए: ५ व्होल्ट ३, ९ व्होल्ट २, १२ व्होल्ट १.५.
सी१+सी२: ४५ वॅट + २० वॅट. सी१+ए: ४५ वॅट + १८ वॅट.
सी२+ए: ५ व्होल्ट ३ अँपिअर एकूण.
सी१+सी२+ए: ४५ वॅट + १५ वॅट.

घेऊ का?

---

गिरणाकाठ

घ्या. पण कोणती वस्तू कुठे लावायची ते पक्कं करा, नाहीतर महिनाभराने पुन्हा 'हळू चार्ज होतो' म्हणाल.

पीपीएस फक्त सी१ वर आहे, म्हणून सॅमसंगची जागा सी१. दुसऱ्या पोर्टवर काही असलं तरी सी१ ला ४५ वॅट राहतात, त्याचे २५ सुटत नाहीत. पण वाटणीच्या वेळी पीपीएस चालू राहतो का, हे लेबलवर लिहिलेलं नाही आणि काही चार्जरमध्ये तो तेव्हा बंद होतो. दुकानातच बघा: सॅमसंग सी१ वर, आयफोन सी२ वर, आणि सॅमसंगची स्क्रीन लॉक करून 'सुपर फास्ट चार्जिंग' येतंय का. फोन ३०–४० टक्क्यांवर असताना बघा. ८० च्या पुढे कुठलाही फोन हळू होतो, तेव्हाची परीक्षा खोटी ठरते.

सी२ वर आयफोन, आयपॅड किंवा टॅब, तिघांपैकी एक. तिघांनाही ९ व्होल्टवरचे २० वॅट पुरतात.

गोम आहे ती 'सी२+ए' या ओळीत. सी२ वर आयपॅड असताना ए वर रेडमी लावला की दोघेही ५ व्होल्टवर येतात आणि दोघांत मिळून १५ वॅट उरतात. आयपॅडला मग चारेक तास लागतील. तिन्ही पोर्ट भरले तरी तेच, शेवटचे १५ वॅट सी२ आणि ए मध्ये वाटले जातात. म्हणून रेडमी लावायचा तो सी२ मोकळा असताना, नाहीतर रात्री, जेव्हा घाई नसते.

दुसरी वस्तू लावली की पहिलीचं चार्जिंग क्षणभर तुटून पुन्हा जोडलं जाईल, फोन 'टिंग' करेल. तो बिघाड नाही, चार्जर नव्याने वाटणी ठरवतो. आणि तापीभाऊंचं मळ्यापुरतं ऐका: हा ६५ वॅटचा चोपड्याहून हलवू नका. तिकडे आधी पांझराभाऊंनी सांगितलेला प्रोटेक्टर बसवा आणि २५ वॅट पीपीएसचा एक वेगळा ठेवा. त्यावर सॅमसंग, आयफोन, आयपॅड, टॅब चौघेही एकेक करून पूर्ण वेगाने होतात.